एकच झाड, दोन पक्षी : मखमली शिलिंध्री आणि हार्ट-स्पॉटेड सुतार

रानवाट
५ डिसेंबर, रात्री ९:१०

पश्चिम घाटातल्या सदाहरित जंगलात मिश्र थवा, म्हणजे अनेक जातींच्या पक्ष्यांचा एकत्र चरणारा थवा, समोर आला की पहिली दोन मिनिटं काय बघू आणि काय नको असं होतं. भृंगराज ओरडत असतो, निखार शेंड्यावर चमकत असतात, खाली झुडपात फुलवेट्यांची पळापळ चाललेली असते. गेले तीन हिवाळे मी एक शिस्त पाळतेय. थवा आला की फक्त सालीवर चरणाऱ्या पक्ष्यांकडे बघायचं, बाकीचे जाऊ द्यायचे. त्यातून दोन पक्षी पुन्हा पुन्हा एकाच झाडावर दिसत राहिले : मखमली शिलिंध्री आणि हार्ट-स्पॉटेड सुतार. दोघंही सालीतले किडे खातात, दोघंही एकाच थव्यातून हिंडतात. मग एकमेकांच्या ताटात हात कसा घालत नाहीत, हा प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच. त्यासाठी हा धागा.

ज्यांनी दोघांना पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडी ओळख. शिलिंध्री साडेबारा सेंटिमीटरची, चिमणीपेक्षा लहान. पाठ जांभळट निळी, कपाळावर काळी मखमल, चोच लालभडक, डोळा पिवळा. सुतार सोळा सेंटिमीटरच्या आसपास, काळा-पांढरा, डोक्यावर भला मोठा तुरा, मान बारीक आणि शेपूट नावापुरतं. पंखांवर काळे ठिपके, अगदी पत्त्यांतल्या बदामासारखे.

रंगांमुळे ओळख पटते, पण हे पक्षी जगतात कसे ते रंगांवरून कळत नाही. माझ्या वहीत आता रंग येतच नाहीत. मी चार गोष्टी टिपते : फांदी किती जाड, अंग कुठल्या दिशेला, चोच वरवर चालली की आत, आणि जमिनीपासून साधारण उंची.

शिलिंध्रीचं सगळं तंत्र पायात आहे. तिची तीन बोटं पुढे, एक मागे. मागचं बोट लांब आणि त्याची नखी भक्कम. खोडावर ती दोन्ही पाय शेजारी-शेजारी ठेवत नाही. एक वर, एक खाली. वरच्या पायाला अंग लटकतं, खालचा पाय तोल धरतो, आणि पुढच्या पावलाला कामं बदलतात. शेपटीचा टेकू ती घेतच नाही. म्हणून वर, खाली, आडवं, फांदीच्या पोटाखालून उलटं, तिला सगळं सारखंच. जंगलात पहिल्यांदा ती डोकं खाली करून सरसर उतरताना दिसली तेव्हा पान गळतंय असं वाटलं होतं मला.

सुतारांची रीत वेगळी. दोन बोटं पुढे, दोन मागे, त्यातलं बाहेरचं बोट चढताना बाजूला वळतं. शिवाय शेपटीची मधली पिसं कडक, त्यांचा टेकू खोडाला लागतो. दोन पाय आणि एक शेपूट, तिपाईच झाली. ही तिपाई डोकं वर असतानाच उभी राहते. डोकं खाली केलं तर शेपूट आभाळाकडे जाईल, मग टेकू कसला? म्हणून सुताराला खाली यायचं असेल तर तो डोकं वरच ठेवून मागे-मागे उड्या मारतो, नाहीतर सरळ उडून खालच्या फांदीवर जातो.

आता गंमत अशी की हार्ट-स्पॉटेडकडे ही तिपाईसुद्धा आखूड आहे. त्याच्या प्रजातीचं नाव हेमिसर्कस, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ अर्धं शेपूट. तो जाड खोडावर फारसा रमत नाही. त्याचा वावर शेंड्याकडच्या बारीक फांद्यांवर, डहाळ्यांवर. तिथे तो हलकी टकटक करतो, सालीच्या कपारीतून काही उचलतो आणि पुढे सरकतो. ग्रेटर फ्लेमबॅक या मोठ्या सुतारासारखं एका जागी पाय रोवून खपल्या उडवत बसणं त्याच्यात नाही.

तीन हिवाळ्यांच्या नोंदी वाचून माझं मत असं झालंय की या दोघांची वाटणी झाडांवरून झालेली नाही. ती फांदीच्या जाडीवरून आणि चोच सालीच्या वर थांबते की आत जाते यावरून झालेली आहे. शिलिंध्री खोड आणि जाड फांद्या वरवरून झाडून घेते, शेवाळाखाली, दगडफुलाच्या कडेखाली, ऑर्किडच्या मुळांमध्ये चोच घालते. सुतार तिच्या वरच्या मजल्यावर, वाळक्या डहाळ्यांमध्ये. तुमचे अनुभव काय आहेत? विशेषतः दोघं एकाच फांदीवर आलेले पाहिले असतील तर काय झालं ते नक्की लिहा.

दुर्बीणवाला
५ डिसेंबर, रात्री १०:०२

छान धागा. पायांचं वर्णन वाचून माझ्या जुन्या चित्रफिती पुन्हा लावून बघितल्या. एक पाय वर, एक खाली हे खरंच प्रत्येक पावलाला दिसतं. इतकी वर्षं मी फक्त लाल चोचच बघत होतो.

एक शंका. शिलिंध्री खाली उतरते म्हणून तिला वर चढणाऱ्या पक्ष्यांकडून सुटलेले किडे दिसतात, असं नेहमी ऐकायला मिळतं. सालीच्या फटी वरून वेगळ्या दिसतात वगैरे. ऐकायला पटतं. पण माझ्या चित्रफितींमध्ये ती वरही तेवढीच जाते आणि आडवीही. मग खाली उतरणं हेच तिचं वैशिष्ट्य म्हणायचं का?

पर्णिका
६ डिसेंबर, सकाळी ७:२५

@दुर्बीणवाला, शंका रास्त आहे. मला वाटतं आपल्याला खाली उतरणं आश्चर्याचं वाटतं म्हणून तेवढंच लक्षात राहतं. त्या पायांनी तिला मोकळीक दिली आहे ती सगळ्या दिशांची, आणि त्यातली सगळ्यात कामाची दिशा मला फांदीच्या पोटाखालची वाटते. पावसाळी जंगलात आडव्या फांदीचा वरचा भाग शेवाळ, नेचे, ऑर्किड यांनी भरलेला असतो. खालचा भाग मोकळा, सावलीतला. किडे, कोळी, त्यांची अंडी तिथे दडलेली असतात. सुतारालाही फांदीखाली लटकता येतं, पण त्याला ते जड जातं. शिलिंध्री तिथे वरच्या बाजूसारखीच पळते.

अजून एक. सदाहरित जंगलातल्या पुष्कळ झाडांची साल गुळगुळीत असते. पानझडीतल्या ऐनासारखी मगरीच्या पाठीची साल इथे सगळीकडे मिळत नाही. त्यामुळे 'सालीवर चरणारा पक्षी' म्हटलं तरी इथे तो बऱ्याचदा सालीवर वाढलेल्या गोष्टींवर चरत असतो. रानवाट, तुमच्या वहीत पाचवा रकाना घाला : साल उघडी की शेवाळलेली.

अबोली
६ डिसेंबर, सकाळी ९:४०

मी नवीन आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. गेल्या महिन्यात मी शिलिंध्रीची जोडी पाहिली. एकीच्या डोळ्यावरून मागे एक बारीक काळी रेघ होती, दुसरीला नव्हती. हे नर-मादी की वयाचा फरक?

आणि त्याच दिवशी एक सुतार दिसला, बदामवाला, पण त्याचं कपाळ पांढरंशुभ्र होतं. पुस्तकातल्या चित्रात कपाळ काळं होतं. मी दुसराच पक्षी पाहिला का?

रानवाट
६ डिसेंबर, दुपारी १:१५

अबोली, चुकलं काहीच नाही. दोन्ही निरीक्षणं नेमकी आहेत.

शिलिंध्रीत डोळ्यावरून मागे जाणारी काळी रेघ नराची. मादीला ती नसते. पिल्लं ओळखायची तर चोच बघायची, त्यांची चोच लाल नसून काळसर असते.

सुतारात उलट, कपाळ बघायचं. नराचं कपाळ काळं, त्यावर बारीक पांढरे ठिपके. मादीचं कपाळ पांढरट. म्हणजे तुम्ही मादी पाहिलीत. सुतारांमध्ये नर ओळखायला डोक्यावरचा लाल रंग शोधायची आपल्याला सवय असते. या पक्ष्यात नर-मादी दोघांनाही लाल रंगाचा टिपका नाही, त्यामुळे गोंधळ होतोच.

पर्णिका, पाचवा रकाना घातला. आधीच्या नोंदींत हे लिहिलेलं नाही याची आता चुटपुट लागली आहे.

भृंगराज
६ डिसेंबर, रात्री ८:३०

आयुष्यातली पुष्कळ वर्षं जंगलातल्या नोकरीत गेली, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली आवाजाची. उंच झाडांच्या जंगलात हे दोन्ही पक्षी आधी कानाला सापडतात. शिलिंध्रीचं 'सिट-सिट-सिट-सिट' घाईघाईचं, बारीक, एका लयीत. ते ऐकू आलं की मान वर करायची आणि खोडांकडे बघायचं. बदामी सुतार, म्हणजे तुमचा हार्ट-स्पॉटेड, एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना उडता-उडता तीक्ष्ण आवाजात ओरडतो, 'ट्वी-ट्वी-ट्वी'. उडताना डोकं मोठं आणि मागे काहीच नाही, असा त्याचा आकार दिसतो. एकदा पाहिला की पुन्हा विसरत नाही.

दुसरी गोष्ट वासाची. या सुताराच्या पाठीवर पिसांचा एक झुबका असतो, त्यातून चिकट स्राव येतो आणि त्याला राळेसारखा सुगंध असतो. त्या स्रावाने पाठीची पांढरी पिसं पिवळसर दिसतात. त्यामुळे कुणाच्या फोटोत पाठ मळकट पिवळी दिसली तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका.

किलबिल
६ डिसेंबर, रात्री ९:०५

काका, वासाचं पहिल्यांदाच ऐकलं! असा आणखी कुठला सुतार आहे का?

आणि एक विचारते. सुतार इतक्या जोरात ठोकतात तरी त्यांच्या मेंदूला इजा होत नाही, कारण कवटीत स्पंजासारखं हाड असतं आणि ते धक्का शोषून घेतं, असं शाळेत शिकले होते. बारीक फांदीवर हलकं ठोकणाऱ्या या सुताराच्या डोक्यातही तसंच असतं का?

पर्णिका
७ डिसेंबर, सकाळी ६:५०

@किलबिल, स्पंजाची गोष्ट मीही बरीच वर्षं वर्गात सांगितली आहे. ती मागे घ्यावी लागली. २०२२ साली अँटवर्प विद्यापीठातल्या सॅम व्हॅन वासेनबर्ग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात आला. त्यांनी तीन जातींच्या सुतारांचे ठोकतानाचे अतिवेगवान चित्रण तपासले. चोच लाकडावर आदळते तेव्हा चोचीचा आणि कवटीचा वेग सारखाच कमी होतो, म्हणजे मधे कुठे धक्का शोषला जात नाही. विचार केला तर ते सरळच आहे. हातोडीच्या दांड्याला स्प्रिंग लावली तर खिळा ठोकला जाईल का? धक्का शोषला गेला तर लाकूड फोडायला जोर उरणार नाही. डोकं ताठ हातोडीसारखंच काम करतं. मेंदू वाचतो तो मुख्यतः लहान असल्यामुळे. एवढ्या लहान मेंदूवर त्या वेगाने येणारा ताण धोक्याच्या पातळीखालीच राहतो.

त्या तीन जातींत हार्ट-स्पॉटेड नव्हता. सगळे जाड लाकडावर ठोकणारे होते. पण आपल्या विषयाला यातून एक धागा मिळतो. डोकं जर ताठ हातोडी असेल तर त्या हातोडीला मागून आधार हवा, आणि तो आधार पाय आणि शेपूट देतात. जितकं जोरात ठोकायचं तितका टेकू भक्कम. अर्ध्या शेपटीच्या सुताराने हलक्या कामाच्या बारीक फांद्या धरल्या, हे मला याच हिशेबात बसतं असं वाटतं.

भृंगराज
७ डिसेंबर, सकाळी १०:२०

किलबिल, पाठीवर असा सुगंधी झुबका असलेला दुसरा सुतार मी पाहिलेला नाही. चिकट म्हणाल तर तांबडा सुतार आठवतो, रुफस वुडपेकर. तो झाडावरच्या मुंग्यांच्या वारुळासारख्या घरट्यात स्वतःची ढोली करतो, त्या क्रेमॅटोगॅस्टर मुंग्या. त्याच्या डोक्याची आणि शेपटीची पिसं मुंग्यांच्या चिकट द्रवाने माखलेली दिसतात. पण ते बाहेरून लागलेलं. बदामी सुताराचं स्वतःच्या अंगचं.

दुर्बीणवाला
७ डिसेंबर, रात्री ११:१०

पर्णिका, हातोडीच्या दांड्याची उपमा आवडली.

शेपटीवरून एक भर घालतो. सुतारांची पिसं गळतात तेव्हा शेपटीची मधली जोडी सगळ्यात शेवटी गळते. आजूबाजूची नवी पिसं पूर्ण वाढून आधार द्यायला तयार झाली की मगच. एरवी पुष्कळ पक्ष्यांत शेपटीची पिसं मधून बाहेर अशी बदलतात. टेकू किती महत्त्वाचा आहे ते यावरून कळतं, शरीराने पिसं गळण्याचा क्रमच त्यासाठी बदलला. युरोपातल्या ट्रीक्रीपर या खोडावर चढणाऱ्या लहान पक्ष्यामध्येही तसंच आहे, आणि तो सुतारांचा नातेवाईकही नाही.

शिलिंध्रीला ही काळजीच नाही. शेपटीची पिसं कुठल्याही क्रमाने गळली तरी चढणं थांबत नाही.

आता माझा मुद्दा. रानवाट यांनी वाटणी जाडीवरून म्हटली आहे. पण मग स्पेकल्ड पिक्युलेट कुठे बसवायचा? दहा सेंटिमीटरचा, सुतारांच्याच कुळातला, शेपूट मऊ, टेकू अजिबात नाही. तोही बारीक डहाळ्यांवर, बांबूवर. तो आणि हार्ट-स्पॉटेड एकाच जाडीवर येतात.

रानवाट
८ डिसेंबर, रात्री ९:४५

दुर्बीणवाला, हा प्रश्न मलाही अडला होता. आज वही पुन्हा चाळली.

पिक्युलेट बारीक डहाळ्यांवरच असतो, पण माझ्या नोंदींत तो बहुतेक वेळा खालच्या मजल्यावर, झुडपांत आणि बांबूत आहे. हार्ट-स्पॉटेड वर, उंच झाडांच्या शेंड्याकडे. म्हणजे जाडी सारखी, मजला वेगळा. मी आधी जे मत मांडलं त्यात उंची पुरेशी धरली नव्हती. शिलिंध्री आणि सुतार या जोडीत जाडीने भागतं. पिक्युलेट आला की उंचीही मोजावी लागते. ही दुरुस्ती मान्य.

अजून एक दिसलं. शिलिंध्री मी म्हटलं तेवढी खोडाला बांधलेली नाही. थवा शेंड्यातून चालला असेल तर तीही वर बारीक फांद्यांवर जाते. तिथे ती आणि सुतार खरंच हातभर अंतरावर आलेले माझ्याकडे नोंदलेले आहेत. भांडण एकदाही नाही. सुतार एका वाळक्या डहाळीवर टकटक करत थांबतो, शिलिंध्री तेवढ्यात तीन फांद्या फिरून पुढे गेलेली असते. त्यामुळे वेगाचाही रकाना हवा, तो सहावा.

अबोली
९ डिसेंबर, सकाळी ८:१५

सहा रकाने! मी आजच तशी वही आखली.

एक विचारते, शिलिंध्री फक्त जंगलातलीच का? मी पानझडीच्या जंगलात एक पाहिली होती, पण तिचं पोट तांबूस होतं आणि चोच काळी.

पर्णिका
९ डिसेंबर, दुपारी १२:३०

अबोली, ती तांबूस पोटाची शिलिंध्री. पानझडीच्या, मोकळ्या जंगलात ती जास्त. ती ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून आपल्या मापाचं करून घेते. गवंडीकाम बघायचं असेल तर तिच्या घरट्याकडे लक्ष ठेवा.

शिलिंध्रींचं कुळ बहुतांशी उत्तरेकडच्या थंड आणि समशीतोष्ण जंगलांतलं. तिथल्या पुष्कळ जाती बिया आणि कवचाची फळं सालीच्या फटीत अडकवून फोडतात. मखमली शिलिंध्री त्याच कुळातली, पण उष्ण, ओल्या जंगलात राहणारी. ती जवळजवळ पूर्णपणे किडे आणि कोळी यांवर जगते. भारत, श्रीलंका, आणि तिथून थेट आग्नेय आशियातल्या बेटांपर्यंत ती पसरली आहे. हार्ट-स्पॉटेड पश्चिम घाटात आहे, ईशान्येत आहे, पुढे म्यानमार, थायलंड, व्हिएतनामपर्यंत आहे, पण श्रीलंकेत नाही. श्रीलंकेतल्या सिंहराजाच्या जंगलात तुम्हाला शिलिंध्री मिश्र थव्यात दिसेल, शेजारी हा सुतार दिसणार नाही. तिथे ती शेंड्याकडच्या बारीक फांद्यांचा जास्त वापर करते का, ते कुणी तिथे जाऊन आलं असेल तर लिहा. रानवाट यांच्या वहीसाठी त्यासारखी नोंद नाही.

किलबिल
९ डिसेंबर, रात्री १०:००

नावांवरून शोधता शोधता एक सापडलं. मखमली शिलिंध्रीला शास्त्रीय नाव दिलं विल्यम स्वेन्सन यांनी, १८२० मध्ये, श्रीलंकेतल्या पक्ष्यावरून. आणि हेमिसर्कस हे प्रजातीचं नावही त्यांचंच, १८३७ मधलं. म्हणजे रानवाट यांच्या जोडीतल्या दोघांच्याही नावात एकाच माणसाचा हात आहे. एकाचं मखमली कपाळ त्याने पाहिलं, दुसऱ्याचं अर्धं शेपूट.

या सुताराच्या नावाचा दुसरा शब्द कॅनेन्टे. तो रोमन पुराणकथेतल्या कॅनेन्स या गाणाऱ्या अप्सरेवरून आला. तिचा नवरा पिकस राजा. एका जादूगारणीने त्याला सुतारपक्षी केलं, आणि कॅनेन्स त्याला शोधत रडत फिरली. मिश्र थव्यातली जोडी एकमेकांना हाका मारत झाडांवरून जाते ना, ते आठवलं.

दुर्बीणवाला
१० डिसेंबर, सकाळी ७:०५

किलबिल, सुंदर.

पर्णिकांनी बेटांचा विषय काढला म्हणून थोडं लांब जातो. मादागास्करच्या पूर्वेकडच्या पावसाळी जंगलात नटहॅच व्हांगा नावाचा पक्षी आहे. नर निळसर करडा, चोच पोवळ्यासारखी लाल, खोडावर चढून किडे खाणारा. फोटो दाखवला तर कुणीही शिलिंध्री म्हणेल. नातं मात्र काहीच नाही, तो व्हांगांच्या कुळातला. आणि वागणुकीत फरक नेमका इथेच आहे : तो बहुतेक वरच्या दिशेनेच चढतो. रंगरूप सारखं, पण सर्व दिशांना पळणारे पाय त्याच्याकडे नाहीत.

ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतले सिटेला पक्षी मात्र डोकं खाली करून उतरतात, तेही शिलिंध्रीच्या कुळाबाहेरचे. आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलात सुतारांबरोबर वुडक्रीपर आहेत. त्यांची बोटं शिलिंध्रीसारखी, तीन पुढे एक मागे, आणि शेपूट सुतारासारखं टेकूचं, टोकाला उघडे काटे असलेलं. जणू दोघांचे अर्धे-अर्धे गुण एकात.

रानवाट यांनी रंग सोडून पाय बघा म्हटलं, ते मला व्हांगाच्या गोष्टीत सगळ्यात जास्त पटलं.

भृंगराज
१० डिसेंबर, रात्री ८:५०

तुम्ही सगळे खाण्याबद्दल लिहिताय, मी राहण्याबद्दल लिहितो. कारण या दोन पक्ष्यांचं खरं नातं तिथे आहे.

सुतार दरवर्षी स्वतःची ढोली खोदतो. बदामी सुतार ती वाळक्या फांदीत खोदतो, तोंड जेमतेम चार सेंटिमीटरचं. हंगाम संपला की सोडून देतो. शिलिंध्रीच्या चोचीत ते बळ नाही. ती नैसर्गिक भोक शोधते किंवा सुतारांनी, तांबटांनी सोडलेली ढोली घेते. आत शेवाळ, केस, पिसं यांचा गादीसारखा थर घालते. म्हणजे खाताना ते शेजारी, आणि घराच्या बाबतीत एक दुसऱ्याने बांधलेल्या घरात राहायला येणारा.

नोकरीत असताना मी अनेकदा पाहिलं, रस्त्याकडेची किंवा मुक्कामाच्या जागेजवळची वाळकी झाडं आधी काढली जातात. कारण विचारलं तर धोका आहे, शोभा जाते, अशी उत्तरं मिळतात. माणसांच्या डोक्यावर पडेल असं झाड काढायलाच हवं, त्यात वाद नाही. पण आत जंगलात उभं असलेलं वाळकं झाड काढलं की सुताराची खणायची जागा गेली, आणि पुढच्या वर्षी शिलिंध्रीची राहायची जागा गेली. हिरवी झाडं मोजली जातात, वाळकी कुणी मोजत नाही. मला याचा अजूनही त्रास होतो.

रानवाट
१० डिसेंबर, रात्री १०:३०

काका, तुमची पोस्ट दोनदा वाचली. माझ्या सहा रकान्यांत फांदी जिवंत की वाळकी हा नव्हता. सगळ्यात आधी तो हवा होता. उद्यापासून सात.

किलबिल
११ डिसेंबर, सकाळी ९:००

काका, वाळकी झाडं मोजायची कशी? आम्ही तीन मैत्रिणी दर महिन्याला एका ठरलेल्या पायवाटेने जातो. त्या वाटेवर करू शकतो.

भृंगराज
११ डिसेंबर, रात्री ८:१५

सोपं आहे. वाट एकच ठेवा. दोन्ही बाजूंना जितकं सहज दिसतं तितकंच बघा, आत शिरू नका. प्रत्येक उभ्या वाळक्या झाडाला वहीत क्रमांक द्या, झाडावर काही खुणा करू नका. किती जाड, शेंडा तुटलेला की शाबूत, आणि भोकं किती. जिवंत झाडाच्या मोठ्या वाळक्या फांद्याही धरा, बदामी सुतार तिथेच खोदतो. भोकाच्या खाली ताजा भुसा दिसला तर नोंद करून लगेच पुढे चालायला लागा. थांबून वाट बघू नका. खणणारा पक्षी माणूस उभा दिसला की काम सोडतो.

अबोली
२३ फेब्रुवारी, रात्री ७:४०

धागा वर आणतेय, क्षमस्व. पण सांगायलाच हवं.

किलबिल यांच्याबरोबर आज त्यांच्या पायवाटेवर गेले होते. त्यांच्या वहीतलं अकरावं झाड, एक मोठं जांभूळ, त्याची एक जाड फांदी पूर्ण वाळलेली. जानेवारीत तिथे भुसा दिसल्याची त्यांची नोंद होती, पण नंतर सुतार आलाच नाही, भोक अर्धवटच राहिलं असं त्यांना वाटत होतं. आज आम्ही चालता-चालता सिट-सिट ऐकलं. काळी रेघ असलेला नर आधी फांदीच्या पोटाखालून आला, उलटाच. भोकाजवळ थांबला, आत डोकं घातलं, बाहेर आला. मग रेघ नसलेली आली. तिच्या चोचीत हिरव्या शेवाळाचा गुच्छ होता, तिच्या डोक्यापेक्षा मोठा. ती आत गेली आणि रिकाम्या चोचीने बाहेर आली.

आम्ही थांबलो नाही. पुढच्या वळणावर गेल्यावर वही उघडली.

फांदी : वाळकी. जाडी : माझ्या मांडीएवढी. अंग : खाली डोकं. शेवाळ : चोचीत.

रानवाट
२३ फेब्रुवारी, रात्री ८:०५

अबोली, किलबिल, फांदी जमिनीपासून किती उंच होती?

किलबिल
२३ फेब्रुवारी, रात्री ८:२०

अंदाजे दुमजली घराएवढी. पुढच्या महिन्यात गेलो की नीट बघून लिहिते, आणि पिल्लांच्या चोची काळ्या दिसतात का तेही.